अवकल समीकरण मांडायचं कसं: गावची पाण्याची टाकी आणि मुंबईचा प्लेग

प्रश्न थोडक्यात असा आहे: अवकल समीकरणं, म्हणजे बदलाच्या वेगाची समीकरणं, सोडवता येतात. चलं वेगळी करणं, इंटिग्रेटिंग फॅक्टर, लाप्लास, सगळं परीक्षेपुरतं झालेलं आहे. पण प्रत्यक्षातला प्रश्न समोर आला की समीकरण आणायचं कुठून हेच कळत नाही. आणि मांडलंच, तर ते बरोबर आहे हे ओळखायचं कसं?

सोडवण्याच्या रीती तूर्त बाजूला ठेवा. आधी ठरवायचं ते एवढंच की हिशेब कशाचा ठेवायचा. जी गोष्ट कुठून तरी येते, कुठे तरी जाते किंवा मोजता येईल अशा रीतीने नष्ट होते, तिचाच जमा-खर्च मांडता येतो. पाण्याचे लिटर, क्लोरीनचे ग्रॅम, उष्णतेचे ज्यूल, माणसांची संख्या या तशा गोष्टी आहेत. तीव्रता, तापमान, टक्केवारी या तशा नाहीत. त्या भागाकार करून मिळतात. नवशिक्यांच्या बऱ्याच चुका भागाकाराच्या राशीचा थेट हिशेब लिहायला गेल्याने होतात, आणि त्या कशा होतात हे एका उदाहरणात नीट पाहण्यासारखं आहे.

गावची उंच टाकी घेऊ, ५०,००० लिटरची. जलसुरक्षक सकाळी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो आणि टोकाच्या घरच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं अशी अपेक्षा असते. प्रश्न: सकाळी किती पावडर टाकली तर संध्याकाळपर्यंत पुरेल?

एककं आधी ठरवा. पाणी घनमीटरमध्ये, क्लोरीन ग्रॅममध्ये, वेळ तासांत. असं घेतलं की घनमीटरमागे ग्रॅम म्हणजेच लिटरमागे मिलिग्रॅम, म्हणजेच पीपीएम, आणि मध्ये हजाराने गुणण्या-भागण्याची भानगड उरत नाही. टाकीतल्या पाण्याचं घनफळ घ, क्लोरीनचं वजन क, आणि तीव्रता त = क ÷ घ. हिशेब दोन गोष्टींचा, पाण्याचा आणि क्लोरीनचा:

घ बदलण्याचा वेग = येणारा प्रवाह − जाणारा प्रवाह

क बदलण्याचा वेग = येणारा प्रवाह × येणाऱ्या पाण्याची तीव्रता − जाणारा प्रवाह × त − र × क

शेवटच्या पदातला र हा क्लोरीन आपोआप खर्च होण्याचा दर. पाण्यातला सेंद्रिय कचरा, लोह, अमोनिया यांच्याशी क्लोरीनची प्रक्रिया होते आणि ते कमी होत जातं. हे कमी होणं शिल्लक क्लोरीनच्या प्रमाणात असतं, असं गृहीत धरलं आहे. र चं एकक ‘दर तासाला’. प्रत्येक पदाचं एकक ग्रॅम प्रति तास येतं का हे इथेच तपासून घ्या. एकही पद वेगळं निघालं तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

आता टाकी भरून झाली, पंप बंद आहे आणि गावाला पाणी सुटलं आहे असं धरा. येणारा प्रवाह शून्य. इथे बहुतेक जण थेट तीव्रतेचं समीकरण लिहितात: त कमी होण्याचा वेग = (जाणारा प्रवाह ÷ घ) × त + र × त. वाचायला पटतं, कारण पाणी जातंय म्हणजे क्लोरीनही जातंय. पण हे चूक आहे. वरची दोन समीकरणं घेऊन क ÷ घ चं भागाकाराच्या नियमाने विकलन करा. जाणाऱ्या प्रवाहाची दोन पदं येतात, एक उणे आणि एक अधिक, आणि ती एकमेकांना छेदतात. उरतं ते एवढंच:

त कमी होण्याचा वेग = र × त

पाणी काढल्याने टाकीतलं पाणी कमी होतं, क्लोरीनचे ग्रॅम कमी होतात, पण उरलेल्या पाण्याची तीव्रता बदलत नाही. चुकीच्या समीकरणाने मात्र गावाने जास्त पाणी वापरलं की क्लोरीन लवकर संपतं असं उत्तर येतं, आणि मग नसत्या मात्रेची पावडर पडते. हिशेब ग्रॅमचा लिहिला असता तर ही चूक झालीच नसती.

उत्तर आता एका ओळीत आहे. सुरुवातीची तीव्रता १.० आणि र = ०.१२ प्रति तास असेल तर ०.२ पर्यंत यायला ५ चा नैसर्गिक लॉग भागिले ०.१२, म्हणजे १.६०९ ÷ ०.१२ = १३.४ तास. सकाळी साडेपाचला १.० असेल तर संध्याकाळी सातच्या सुमारास टाकीतच मर्यादा गाठली जाते. नळाची गोष्ट त्याच्याही पुढची.

पण हा ०.१२ आणायचा कुठून? कुठल्या तक्त्यातून उचलू नका. र पाण्यागणिक बदलतो. धरणाचं पाणी, विहिरीचं पाणी, पावसाळ्यातलं गढूळ पाणी यांच्यात कित्येक पटींचा फरक पडू शकतो. तापमानाचाही परिणाम असतो. ढोबळमानाने १० अंशांनी पाणी तापलं की दर दुपटीच्या आसपास जातो. म्हणून जानेवारीत काढलेला र मे महिन्यात वापरायचा नाही. र बाटलीच्या चाचणीने काढायचा. गडद रंगाच्या सहा-सात बाटल्या घ्या. त्या आधी कडक क्लोरीनच्या पाण्यात भिजवून, मग चांगल्या विसळून घ्या, नाहीतर बाटलीच क्लोरीन खाते. सगळ्या एकाच पाण्याने काठोकाठ भरा, सारखाच डोस द्या आणि टाकीतल्या पाण्याइतक्या तापमानाला अंधारात ठेवा. प्रत्येक वेळी नवी बाटली उघडून मोजा. एकच बाटली पुन्हा पुन्हा उघडली तर हवेत जाणारं क्लोरीनही हिशेबात शिरतं.

समजा डोस २.० दिला आणि आकडे असे आले: अर्ध्या तासाने १.००, अडीच तासांनी ०.७९, साडेचार तासांनी ०.६२, साडेसहा तासांनी ०.४९, साडेआठ तासांनी ०.३८. पहिल्या अर्ध्या तासात निम्मं क्लोरीन गेलं आणि पुढच्या आठ तासांत सावकाश कमी होत गेलं. हे नेहमीचं आहे. पाण्यातल्या पटकन प्रक्रिया करणाऱ्या गोष्टी आधी आपला वाटा उचलतात, हळू प्रक्रिया करणाऱ्या मागाहून. आता कुणी ०.०, २.० हा बिंदूही धरून लॉगच्या आलेखावर सरळ रेषा बसवली तर र = ०.१६ येतो आणि डोस दिल्यापासून साधारण १२ तासांत ०.२ होईल असं निघतं. अर्ध्या तासानंतरचेच बिंदू घेतले तर र = ०.१२ आणि वेळ जवळपास १४ तास. दोन तासांचा फरक एका बिंदूने पाडला, कारण तो बिंदू वेगळ्याच प्रक्रियेचा होता. आलेख वाकडा दिसतोय म्हणजे एकच र पुरेसा नाही. तिथे रेषा दामटून बसवण्यापेक्षा पहिला तीव्र खर्च वेगळा काढून ठेवा, इथे तो लिटरमागे १.० मिलिग्रॅम आहे, आणि समीकरण त्याच्या पुढे लावा.

लॉग घेऊन रेषा बसवण्यात आणखी एक खोट आहे. मापनातली चूक सगळीकडे ±०.०५ असली तरी १.०० वर ती पाच टक्के असते आणि ०.१० वर पन्नास टक्के. लॉग घेतला की शेवटचे, सर्वांत कमी भरवशाचे बिंदूच रेषेला ओढून नेतात. म्हणून वक्र मूळ आकड्यांवर बसवा. एक्सेलचा सॉल्व्हर हे काम करतो. मोजलेल्या आणि वक्राच्या आकड्यांतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज किमान करायची, बस्स. आणि काय मोजलंय तेही लिहून ठेवा. ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्टमध्ये रंग लगेच, दहाएक सेकंदांत पाहिला तर मुक्त क्लोरीन दिसतं. पंधरा मिनिटांनी पाहिला तर संयुक्त, म्हणजे अमोनियाशी जोडलेलं, क्लोरीनही त्यात धरलं जातं. निम्मे आकडे लगेच पाहून आणि निम्मे चहा पिऊन आल्यावर पाहून घेतले असतील तर त्यावर कुठलंच समीकरण बसणार नाही.

आता पंप चालू आणि नळही चालू, म्हणजे टाकीत चोवीस तास पाणी येतंय आणि जातंय अशी योजना घ्या. तासाला ५ घनमीटर आत, तेवढंच बाहेर, घनफळ ५० वर स्थिर. पाणी टाकीत सरासरी ५० ÷ ५ = १० तास राहतं. क्लोरीनचं समीकरण घनफळाने भागलं की:

त बदलण्याचा वेग = ०.१ × (येणारी तीव्रता − त) − ०.१२ × त

बराच वेळ गेल्यावर डावी बाजू शून्य होते आणि त = येणारी तीव्रता ÷ (१ + ०.१२ × १०) = येणारी तीव्रता ÷ २.२. या स्थिर उत्तराइतकंच महत्त्वाचं आहे तिथे पोचायला लागणारा वेळ. त चे दोन्ही दर मिळून ०.२२ प्रति तास होतात, म्हणजे कालांक (१ ÷ ०.२२) साडेचार तास, आणि स्थिर उत्तरापासूनचा फरक पाच टक्क्यांवर यायला त्याच्या तिप्पट, साडेतेरा तास. डोसर (क्लोरीन सोडणारं यंत्र) सुरू करून अर्ध्या तासाने टाकीच्या बाहेरचं पाणी तपासायचं, कमी दिसलं म्हणून डोस वाढवायचा, पुन्हा तासाने वाढवायचा, आणि रात्री गावभर पाण्याला उग्र वास. हा प्रकार जिथे जिथे होतो तिथे समीकरणाने सांगितलेला हा कालांक कुणी पाहिलेला नसतो.

किती डोस लागेल हे नळाकडून उलटं मोजत यावं लागतं. टोकाचं घर टाकीपासून दीड किलोमीटरवर आणि शेवटच्या पाइपात पाण्याचा वेग सेकंदाला ०.१ मीटर असेल तर पाणी पोचायला १५,००० सेकंद, जवळपास ४.२ तास लागतात. काटेकोरपणे पाहिलं तर पाइपातली तीव्रता जागेवरही अवलंबून असते आणि वेळेवरही, म्हणजे आंशिक अवकल समीकरण हवं. पण पाण्याच्या एकाच घोटाबरोबर पाइपातून चालत गेलात तर उरतं साधं समीकरण, वेळेच्या जागी त्या घोटाचं वय. पाइपात क्लोरीन पाण्यातही खर्च होतं आणि भिंतीवरच्या गंजाशी व जिवाणूंच्या बुळबुळीत थराशीही. दोन्ही मिळून दर ०.२५ धरला तर टोकाला पोचेपर्यंत ३५ टक्के उरतं. टोकाला ०.२ हवं म्हणजे टाकीच्या तोंडाशी ०.५७. म्हणजे टाकीत येणारं पाणी ०.५७ × २.२ = १.२५ तीव्रतेचं हवं. त्यात पहिल्या अर्ध्या तासाचा १.० चा खर्च मिळवा: २.२५. तासाला ५ घनमीटरला ११.३ ग्रॅम क्लोरीन. ताज्या टीसीएलमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, पण उघड्या पोत्यात, दमट खोलीत ते झपाट्याने उतरतं. २५ टक्के उरलं असेल तर तासाला ४५ ग्रॅम पावडर. भिंतीवरचा खर्च वगळून फक्त ०.१२ ने हिशेब केला असता तर टाकीच्या तोंडाशी ०.३३ पुरेसं वाटलं असतं आणि टोकाचा नळ कोरडा, म्हणजे क्लोरीनच्या बाबतीत कोरडा, राहिला असता.

या साऱ्यात एक गृहीतक गुपचूप बसलंय: टाकीतलं पाणी पूर्ण मिसळलेलं आहे, म्हणून बाहेर जाणाऱ्या पाण्याची तीव्रता आणि टाकीतली तीव्रता एकच. उलट टोक पकडा. पाणी अजिबात मिसळत नाही, रांगेत पुढे सरकत जातं, प्रत्येक थेंब बरोबर दहा तास थांबतो. मग उरतं ते ई चा −१.२ घात, म्हणजे ३० टक्के. मिसळलेल्या टाकीत ४५ टक्के उरत होतं. फक्त एक गृहीतक बदललं, र तोच, प्रवाह तोच, आणि उत्तर दीडपट बदललं. खरी टाकी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते. आत येणारा आणि बाहेर जाणारा पाइप शेजारी-शेजारी असले तर काही पाणी आल्या आल्या निघून जातं आणि कोपऱ्यातलं पाणी दिवसभर साचून राहतं. तिथे एकाच टाकीऐवजी दोन कप्पे मांडा, एक वाहता आणि एक साचलेला, दोघांत थोडी देवाणघेवाण. दोन समीकरणं होतात. तिसरा कप्पा मात्र मोजमापांशिवाय घालू नका. त्याची देवाणघेवाण किती हे सांगणारं तुमच्याकडे काहीच नसतं. पावडर थेट झाकणातून ओतली तर चुना तळाशी बसतो आणि मिसळण्याचं गृहीतक पहिल्याच तासाला मोडतं. पावडर बादलीत कालवून, चुना बसू देऊन, वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं असतं. समीकरण बरोबर असूनही उत्तर का चुकलं याचं कारण कधी कधी अशा बादलीत सापडतं.

खऱ्या योजनेत पाणी पहाटे भरतं, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास सुटतं. प्रवाह तुकड्या-तुकड्यांनी बदलतो, त्यामुळे सूत्ररूप उत्तर शोधत बसण्यात राम नाही. एक्सेलमध्ये ऑयलरच्या पद्धतीने, म्हणजे छोट्या छोट्या पायऱ्यांनी पुढे जात, सोडवा. स्तंभ सहा: वेळ, येणारा प्रवाह, जाणारा प्रवाह, घ, क, आणि शेवटी त = क ÷ घ. पायरी पाव तासाची घ्या. घ = ५०, क = ५०, जाणारा प्रवाह तासाला २० असेल तर पाव तासात पाणी ५ घनमीटर गेलं, त्यासोबत क्लोरीन ५ ग्रॅम, आपोआप खर्च ०.१२ × ५० × ०.२५ = १.५ ग्रॅम. नवा क ४३.५, नवा घ ४५, नवी त ०.९६७. अचूक उत्तर ०.९७० आहे. फरक पायरीचा आहे, पायरी अर्धी केली की तो निम्मा होतो. नेहमी हीच परीक्षा घ्या. निव्वळ र च्या समीकरणावर एक-एक तासाच्या पायरीने आठ तासांनंतर ०.३६० येतं, अर्ध्या तासाच्या पायरीने ०.३७२, अचूक ०.३८३. पायरी निम्मी केल्यावर चूक निम्मी झाली नाही तर सूत्र लिहिण्यात कुठेतरी घोळ आहे, मग तो कुठल्या खान्यात ‘$’ विसरल्याचा का असेना.

दोन ठिकाणी हे गणित फुटतं. टाकी रिकामी व्हायला आली की घ शून्याकडे जातो आणि भागाकार वेडेवाकडे आकडे देतो. म्हणून घ एका मर्यादेखाली गेला की जाणारा प्रवाह शून्य, अशी अट घाला. भरताना ओव्हरफ्लोचीही तशीच अट हवी. दुसरं, पहिल्या अर्ध्या तासातला झपाट्याचा खर्चही समीकरणात घालायचा मोह झाला तर त्याचा दर तासाला २० वगैरे निघतो. ऑयलरची पायरी मग २ ÷ २० = ०.१ तास, म्हणजे सहा मिनिटांपेक्षा मोठी झाली की तीव्रता उणे-अधिक उड्या मारत भडकते. वेगवान आणि संथ प्रक्रिया एकत्र आल्या की हे होणारच. पायथनमध्ये अशा वेळी नेहमीच्या रुंगे-कुट्टाऐवजी बीडीएफ किंवा एलएसओडीए या अशाच समीकरणांसाठीच्या रीती निवडा.

टाकीचा प्रश्न सरळ आहे, कारण आतली यंत्रणा माहीत आहे. यंत्रणा माहीत नसताना वक्र जुळवला तर काय होतं, याचं जगभर गाजलेलं उदाहरण मुंबईचं आहे. १९२७ साली कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या संशोधकांनी साथीच्या रोगांचं जे गणित मांडलं, ज्याला आज एसआयआर मॉडेल म्हणतात, त्यात आकडे वापरले मुंबई बेटावरच्या प्लेगचे: १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६, आठवड्यागणिक मृत्यू. हिशेब तीन खात्यांचा. लागण होऊ शकणारे, आजारी, आणि यातून बाहेर पडलेले (बरे झालेले किंवा मेलेले). पहिल्यातून दुसऱ्यात जाण्याचा वेग दोन्ही संख्यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाण्याचा वेग आजाऱ्यांच्या प्रमाणात. नोंदलेल्या रुग्णांपैकी ८० ते ९० टक्के दगावत असल्याने आठवड्याचे मृत्यू म्हणजेच जवळपास बाहेर पडण्याचा वेग, असं त्यांनी धरलं. थोडं अंदाजीकरण करून निघालेलं सूत्र:

आठवड्याचे मृत्यू = ८९० × सेच²(०.२ट − ३.४)

ट म्हणजे आठवडे, सेच म्हणजे हायपरबोलिक सेकंट. आकडे घालून पाहा. सुरुवातीला आठवड्याला चार मृत्यू, दहाव्या आठवड्यात १९० च्या आसपास, सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर, ८९० चा कळस, मग तसाच उतार. एकूण ८९० × २ ÷ ०.२ = ८,९००. आलेखावर वक्र बिंदूंवरून सुरेख जातो. पाठ्यपुस्तकांतून तो अजूनही मॉडेलच्या यशाचा दाखला म्हणून छापला जातो, आणि माझ्या मते तिथेच विद्यार्थ्यांची दिशाभूल होते.

कारण मोजा. मूळ मॉडेलला चार आकडे लागतात: सुरुवातीचे लागणयोग्य लोक, सुरुवातीचे आजारी, लागणीचा दर, बाहेर पडण्याचा दर. सूत्रात आहेत तीन: ८९०, ०.२ आणि ३.४. तीन आकड्यांवरून चार काढता येत नाहीत. सुरुवातीचे आजारी थोडेच होते असं मानून बीजगणित केलं तर दोन संबंध मिळतात. आजारपणाचा काळ आठवड्यांत ‘प’ म्हटला तर एका रुग्णापासून सुरुवातीला होणाऱ्या लागणी = १ + ०.४ × प, आणि लागणयोग्य लोक = ११,१२५ × (त्या लागणींचा वर्ग) ÷ प. आता प काहीही घ्या. अर्धा आठवडा: लागणी १.२, लोक ३२ हजार. एक आठवडा: १.४ आणि सुमारे २२ हजार. दोन आठवडे: १.८ आणि १८ हजार. तीन वेगवेगळी शहरं, तीन वेगवेगळे रोग, आणि तिन्हींचा सूत्रातून येणारा वक्र तंतोतंत तोच. आकड्यांना यातलं कुठलं खरं हे विचारण्याची सोयच नाही. वक्र बसवण्याआधी हे तपासणं म्हणजे ओळखण्याजोगेपणाची परीक्षा, आणि ती कागद-पेनाने किंवा संगणकावर एक आकडा मुद्दाम बदलून, बाकीचे पुन्हा बसवून करता येते. जुळणी बिघडली नाही तर तो आकडा तुमच्या मोजमापांतून निघत नाही. तो बाहेरून, वेगळ्या निरीक्षणातून आणावा लागेल.

शिवाय लागणयोग्य लोक वीस-तीस हजार? १९०१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या वर होती. मॉडेलप्रमाणे साथ ओसरते ती लागणयोग्य लोक एका मर्यादेखाली गेल्यामुळे. शहराच्या तीन-चार टक्के लोकांनाच लागण होऊ शकते असं मानल्याशिवाय हे जुळत नाही. आकडा इतका विचित्र आला की मॉडेलचं एखादं पद दुसऱ्याच कुणाचं तरी काम करतंय असं समजावं. इथे ते स्पष्ट आहे. गाठीचा प्लेग माणसाकडून माणसाला नव्हे, तर उंदरांवरच्या पिसवांमार्फत येतो. आधी उंदीर मरतात, मग यजमान गमावलेल्या पिसवा माणसाकडे वळतात. आणि कडक उन्हाळा लागला की पिसवांचं जगणं अवघड होतं. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेला प्लेग पुढे वर्षानुवर्षं ठरावीक हंगामातच उसळत राहिला. लागणयोग्य लोक घटल्यानेच साथ संपत असती तर दर वर्षी त्याच महिन्यांत परतली नसती. खरं तर माणसांचा प्लेग ही उंदरांच्या प्लेगची सावली आहे आणि मॉडेलमधले दर वर्षभर स्थिर राहतात असं धरणं हा अंदाजच आहे, ही सावधगिरी मूळ लेखकांनीच नोंदवली होती. ती पुढच्या पुस्तकांतून गळाली, आलेख तेवढा राहिला.

तेव्हा हा प्रश्न नव्याने मांडायचा तर खाती बदलावी लागतील: लागणयोग्य उंदीर, आजारी उंदीर, मोकळ्या झालेल्या संसर्गित पिसवा, आणि त्यांच्यामुळे लागण झालेली माणसं. मेलेला प्रत्येक उंदीर पिसवांच्या खात्यात जमा. पिसवा मरण्याचा दर ऋतूप्रमाणे बदलणारा, सोपा पर्याय म्हणजे सरासरी दर अधिक वर्षभराची एक कोसाइन लहर. माणसांच्या लागणीचा वेग पिसवांच्या प्रमाणात. आणि माणसांच्या खात्यातून पिसवांकडे परत जाणारं पद नाही, कारण माणूस इथे साखळीचा शेवट आहे. चार समीकरणं, सात-आठ आकडे. मृत्यूंच्या एकट्या वक्रावरून ते सगळे निघणार नाहीत हे आता वेगळं सांगायला नको. आजारी उंदीर किती दिवस जगतो, उंदरावर सरासरी किती पिसवा असतात, यजमानाशिवाय पिसू किती टिकते, हे प्रयोगशाळेतून आणि पकडलेल्या उंदरांवरून आणायचं आणि स्थिर ठेवायचं. मृत्यूंच्या वक्रावर मोकळे सोडायचे ते दोन किंवा तीन आकडे. आणि बसवताना एकच हंगाम वापरायचा. पुढचा हंगाम बाजूला ठेवून, त्याला हात न लावता, मॉडेलला तो सांगता येतो का ते पाहायचं. सेच² च्या सूत्राला ही संधी दिली तर ते पुढच्या हिवाळ्यासाठी शून्य सांगतं.